हेडलाइटचा बल्ब गेला म्हणजे पाच हजार गेले? नाही हो!

आपल्या नाशकात कितीतरी वर्षं हेच ऐकतोय, बल्ब उडाला की अख्खी हेडलाइट बदलावी लागते, पाच-सहा हजार धरून चला. खरंच तसं नाहीये. बऱ्याच साध्या गाड्यांत एच४ हॅलोजन बल्ब असतो, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट, आणि तो दोन-तीनशे रुपयात मिळतो. त्यात दोन फिलामेंट म्हणजे उजेड देणाऱ्या बारीक तारा असतात, एक अप्परचं (लांबचा झोत) एक डिप्परचं (जवळचा झोत), म्हणून डिप्पर गेला तरी अप्पर लागतो आणि लोकांना वाटतं वायरिंगच गेलं.

मागच्या पावसाळ्यात कसारा घाटात माझा डावा डिप्पर गेला, धुक्यात अक्षरशः जीव मुठीत धरून उतरलो. घरी आल्यावर बॉनेट उघडलं, कनेक्टर ओढला, रबरी टोपी काढली, तारेची क्लिप सोडली, नवा बल्ब बसवला, दहा मिनिटं. फक्त काचेला बोट लावू नका प्लीज, बोटाचं तेल लागतं, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

हां, फॅक्टरी एलईडीवाल्या बऱ्याच गाड्यांत मात्र पूर्ण युनिटच बदलावं लागतं, तिथे खर्च खराच मोठा आहे. पण तुमची हॅलोजन असेल तर आधी जुना बल्ब काढून फिलामेंट बघा, तुटलेली तार डोळ्यांना दिसते.