जिभेची रात्रपाळी

घोरणं मध्येच थांबतं. शेजारी जागं असलेलं माणूस मनात मोजू लागतं: दहा सेकंद, पंधरा, वीस. मग घरघर करत, दचकून श्वास सुटतो आणि घोरणं पुन्हा सुरू. घोरणाऱ्याला सकाळी यातलं काही आठवत नाही. डोकं मात्र जड असतं आणि दुपारी कामावर पेंग येते. हाच ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. छाती श्वासासाठी धडपडतच असते, पण घशातली वाट मिटलेली असते. ती मिटवण्यात बऱ्याचदा जिभेचा हात असतो.

आरशात दिसतो तो जिभेचा पुढचा भाग. मागचा जाड भाग घशात उतरलेला असतो आणि हवा त्याच्या मागून जाते. तिथे श्वासनलिकेसारखी कूर्चेची कडी नाहीत. वाट उघडी ठेवायची ती स्नायूंनीच. त्यातला मुख्य जिनिओग्लॉसस. हनुवटीच्या हाडाला आतून चिकटलेला हा स्नायू पंख्यासारखा जिभेत पसरतो. डॉक्टरांना आपण जीभ बाहेर काढून दाखवतो, ती याच्याच जोरावर. श्वास आत घेताना मेंदू जिभेकडे जाणाऱ्या आपल्या बाराव्या मज्जातंतूतून त्याला इशारा देतो, तो आवळतो आणि जीभ पुढे राहते.

मग रुग्णांची जीभ दुबळी असते का? १९९२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी जागेपणी या स्नायूतले विद्युतसंकेत मोजले आणि उलटंच दिसलं. रुग्णांचा स्नायू निरोगी माणसांपेक्षा जास्त राबत होता! घसा मुळातच अरुंद, म्हणून तो दिवसभर जीभ ओढून धरतो. झोप लागली की इशारा मंदावतो, स्वप्नांच्या झोपेत आणखीच. उताणं झोपलेल्याची जीभ मग मागे घसरते. म्हणूनच ‘जीभ कमजोर झाली’ हे निदान मला अपुरं वाटतं. दारू आणि झोपेच्या काही गोळ्या हा ताण आणखी सैल करतात. वजन वाढलं की जिभेतही चरबी साठते, हे तर अनेकांच्या गावीही नसतं.

तरीही व्यायामाचा उपयोग होतो. ब्राझीलमधल्या साओ पावलो इथे ३१ रुग्णांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जिभेचं टोक टाळूवरून मागे सरकवणं, सगळी जीभ टाळूला चिकटवून ओढून धरणं, असे व्यायाम रोज, तीन महिने. तासाला सरासरी २२ वेळा अडणारा श्वास १४ वर आला. नुसता दीर्घ श्वसनाचा सराव करणाऱ्या गटात तसा फरक पडला नाही. पण १४ म्हणजे आजार गेला असं नव्हे, त्यामुळे व्यायाम सुरू केला म्हणून सीपॅप यंत्र (झोपेत मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं) परस्पर कपाटात ठेवू नये.

काही निवडक रुग्णांसाठी आणखी एक वाट आहे: छातीत त्वचेखाली बसवलेलं छोटं यंत्र श्वासाच्या लयीत बाराव्या मज्जातंतूला हलकी विद्युतचेतना देतं आणि झोपेत मेंदूचा मंदावलेला इशारा भरून काढतं. १२६ रुग्णांवरच्या चाचणीनंतर २०१४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

घरात कुणाचं घोरणं असं मध्येच थांबत असेल, तर रात्री मोबाइलवर दोन-चार मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. रुग्णाला स्वतःला जे सांगता येत नाही, ते डॉक्टरांना त्यात दिसेल.