डॉन नक्की कुणाकडं बघतोय?

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. त्यात ट्रॉलीवरच्या अफझलखानावर हॅलोजन बहुधा खालून मारलेला असतो. खलनायक म्हटला की खालून उजेड आणि कानठळ्या बसवणारा आवाज, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. 'द गॉडफादर' (१९७२) या चित्रपटाची सुरुवात नेमकी याच्या उलट आहे, तरी दरारा जास्त.

काळ्या पडद्यावरचा ट्रम्पेट थांबतो आणि बोनासेरा नावाचा माणूस बोलू लागतो. संगीत नाही. झूम इतक्या सावकाश मागं येतो की चौकट रुंदावतेय हे आधी कळतच नाही. दोन-तीन मिनिटांनी कडेला डॉनची पाठ आणि हात दिसतो. झूमचं कौतुक पुष्कळांनी केलंय. मला भुरळ पडते ती दिव्याची.

छायाचित्रकार गॉर्डन विलिसनं दिवे डोक्यावर टांगले. डॉन झालेल्या मार्लन ब्रँडोच्या मेकअपला तो उजेड शोभत होता, हे त्यामागचं एक कारण. पण त्यामुळं भुवईच्या हाडाची सावली थेट डोळ्यांच्या खोबणीत उतरली. न्हाणीघरात बल्बच्या बरोबर खाली उभं राहून आरशात बघा, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतील. बल्ब समोर येईल इतकं मागं सरका, डोळे परत उजळतात.

आता खरी गंमत. माणसाच्या डोळ्यात बुबुळाभोवती पांढरा भाग बराच उघडा असतो. वानरकुळात तो इतका ठसठशीत सहसा दिसत नाही (काही चिंपांझींतही पांढरा आढळतो, त्यावरून वाद चालू आहे). या काळ्या-पांढऱ्या फरकामुळं समोरच्याची नजर कुठं वळली ते आपण लांबूनही ओळखतो. जन्मून दोन ते पाच दिवस झालेली बाळंसुद्धा आपल्याकडं बघणाऱ्या चेहऱ्याकडं जास्त वेळ बघतात. सावलीत हा फरकच पुसला जातो. मग मेंदू काय करतो? सिडनी विद्यापीठातले कॉलिन क्लिफर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे तपासलं. संगणकावरच्या चेहऱ्यांचे डोळे त्यांनी मुद्दाम धूसर केले. डोळे जितके अस्पष्ट, तितके लोक जास्त वेळा म्हणाले, 'हा माझ्याकडंच बघतोय.' म्हणजे मेंदू दोन गोष्टींची बेरीज करतो, डोळ्यांतून आलेला पुरावा आणि आधीपासून मनात असलेला अंदाज. प्रत्येकाचं वजन त्याच्या खात्रीवर ठरतं, त्यामुळं पुरावा डळमळीत झाला की अंदाजाचं पारडं आपोआप जड होतं. हा अंदाज सावधगिरीचा असावा. बघणारा वाघ न बघणारा समजण्यापेक्षा उलटी चूक परवडते.

डॉनच्या टेबलासमोर उभ्या माणसाचं तेच होत असणार. आपण कुणाकडं बघतोय हे डॉन कळू देत नाही.

निपाणी काय नि खानापूर काय, बसस्टँडच्या भिंतींवर 'नजरेनं वश करतो' छापाच्या जाहिराती दिसतात. डोळ्यातून काहीच बाहेर पडत नाही हो, उजेड आत जातो, एवढंच. जो दबाव जाणवतो तो बघणाऱ्याच्या मेंदूत तयार होतो, त्याला बाबा लागत नाही.

सिडनीच्या प्रयोगात चित्रपट नव्हता, म्हणून या एका दृश्याचा सगळा हिशेब त्यावर मांडू नये. पण पडताळा सोपा आहे. हे दृश्य एकदा ट्यूबलाइट लावून मोबाईलवर बघा. काचेवरच्या प्रतिबिंबात सावल्या राखाडी होतात, दरारा निम्मा उतरतो. मग रात्री दिवे घालवून मोठ्या पडद्यावर लावा.