'डालग्रेन'मधलं जळकं शहर

कादंबरी वाक्याच्या मधूनच सुरू होते. 'शरदातल्या शहराला घायाळ करायला', एवढंच. कोण, कधी, कशासाठी, काही पत्ता नाही. ८७९ पानं ओलांडल्यावर शेवटचं वाक्यही असंच अर्ध्यावर तुटतं: 'मी आलोय'. शेवटचा तुकडा पहिल्याला जोडला की वर्तुळ पुरं होतं आणि वाचक पुन्हा त्या शहराच्या वेशीवर उभा राहतो. मूळ इंग्रजीत त्या शेवटच्या शब्दांना 'शुद्धीवर आलो' असाही अर्थ आहे. मराठीत जोड बसते, तो दुसरा अर्थ मात्र हातून निसटतो.

'डालग्रेन' जानेवारी १९७५ मध्ये बॅन्टम प्रकाशनाने थेट पेपरबॅकात काढली. लेखक सॅम्युएल आर. डिलेनी, तेव्हा बत्तीस वर्षांचा. ती निवडणारा संपादक फ्रेडरिक पोल हा स्वतः जुन्या पठडीतला विज्ञानकथाकार. मुखपृष्ठावर विज्ञानकथा असा शिक्का, आत ना रॉकेट ना परग्रह. आहे ते बेलोना नावाचं, अमेरिकेच्या मध्यभागात कुठेतरी असलेलं शहर. तिथे काहीतरी घडलंय. काय ते कुणालाच सांगता येत नाही. बाहेरच्या जगाशी संपर्क तुटलाय, बहुतेक लोक निघून गेलेत, इमारती जळतात आणि तरी संपत नाहीत. एका रात्री आभाळात दोन चंद्र दिसतात. अशा ठिकाणी एक तरुण येतो, एका पायात सँडल, दुसरा पाय अनवाणी. त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. लोक त्याला किड म्हणू लागतात.

हे शहर आलं कुठून, हे पाहायचं तर हार्लेमपासून, न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीपासून, सुरुवात करावी लागते.

डिलेनी तिथलाच, १ एप्रिल १९४२ चा जन्म. वडिलांची सातव्या अव्हेन्यूवर अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारी पेढी होती आणि कुटुंब तिच्याच वरच्या मजल्यावर राहायचं. आजोबा गुलामीत जन्मून पुढे बिशप झालेले. घर खाऊनपिऊन सुखी. पोराला डाल्टनसारख्या महागड्या, मुख्यतः गोऱ्या मुलांच्या शाळेत घातलेलं. म्हणजे रोज एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. पुढे ब्रॉन्क्स हायस्कूल ऑफ सायन्समध्ये त्याला कवयित्री मॅरिलिन हॅकर भेटली. १९६१ साली दोघांनी लग्न केलं, पण त्यासाठी त्यांना मिशिगन राज्यातलं डेट्रॉइट गाठावं लागलं. त्यांचं वय कोवळं, शिवाय तो कृष्णवर्णीय आणि ती गोरी. राज्याराज्यांच्या कायद्यांतून वाट काढत मिशिगनपर्यंत जाणं भाग होतं. तो समलिंगी आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या संसाराची गोष्ट त्याने पुढे आत्मचरित्रात सविस्तर लिहिली आहे.

हॅकर एस बुक्स या प्रकाशनसंस्थेत काम करत होती. तिथेच १९६२ मध्ये त्याची पहिली कादंबरी आली, वयाच्या विसाव्या वर्षी. त्यानंतर त्याने झपाट्याने लिहिलं, आणि या झपाट्याची किंमतही मोजली: १९६४ मध्ये मन इतकं थकलं की काही आठवडे माउंट सायनाय रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. किडही मनोरुग्णालयात राहून आलेला आहे, आणि आपल्याला दिसतंय ते खरं की डोक्यातलं, ही शंका त्याचा पाठलाग सोडत नाही. हे निव्वळ आत्मचरित्र समजू नये. पण ती भीती लेखकाने ऐकीव माहितीवर रंगवलेली नाही, एवढं नक्की.

'बॅबेल-१७' आणि 'द आइन्स्टाइन इंटरसेक्शन' या कादंबऱ्यांना लागोपाठ नेब्युला ही विज्ञानकथेतली मानाची पारितोषिकं मिळाली. तो 'नव्या लाटे'चा काळ होता. विज्ञानकथेने यंत्रांपेक्षा भाषा, मन आणि समाज यांच्याकडे बघावं म्हणणाऱ्यांचा. जुने लोक अर्थातच नाराज. 'नोव्हा' ही त्याची पुढची कादंबरी त्या काळच्या सर्वांत वजनदार संपादकाकडे, जॉन कॅम्बेलकडे, मासिकासाठी गेली, तेव्हा कृष्णवर्णीय नायक आमच्या वाचकांना पचणार नाही, असं सांगून ती परत आली. डिलेनीनेच हा किस्सा नोंदवला आहे. तारे ओलांडून जाणारं साहित्य कातडीच्या रंगापाशी अडखळत होतं.

त्याच सुमारास, १९६७-६८ च्या हिवाळ्यात, तो न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये एका कम्यूनमध्ये राहिला. 'हेवनली ब्रेकफास्ट' हे त्या घराचंही नाव आणि तिथल्या बँडचंही. अन्न, अंथरूण, पैसा, शरीर सगळं सामायिक. बेलोनातल्या उद्यानात तळ ठोकून बसलेले हिप्पी आणि एकाच घरात दाटीवाटीने राहणारी 'स्कॉर्पियन' टोळी यांचा कच्चा माल इथला आहे. टोळीवाल्यांच्या गळ्यात एक यंत्र असतं. कळ दाबली की माणूस दिसेनासा होतो आणि त्याच्या जागी प्रकाशाचा ड्रॅगन किंवा अजस्र कीटक उभा राहतो. विज्ञान म्हणावं असं कादंबरीत जवळजवळ एवढंच. पण कम्यूनची भाबडी आरती डिलेनी ओवाळत नाही. त्याच्या टोळीत प्रेम आहे तसा मारही आहे, आणि घाण तर पानोपानी आहे.

मात्र बेलोनाची खरी पार्श्वभूमी बाहेर रस्त्यावर होती. वांशिक दंगलींत १९६४ मध्ये हार्लेम पेटलं, १९६५ मध्ये लॉस एंजेलिसचं वॉट्स, १९६७ च्या जुलैत न्यूअर्क आणि डेट्रॉइट. ज्या डेट्रॉइटने या जोडप्याचं लग्न लागू दिलं होतं, तिथे ४३ माणसं मेली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर शंभराहून अधिक शहरांत दंगली उसळल्या. नंतर जळक्या वस्त्या तशाच सोडून देण्यात आल्या. ज्यांना जमलं ते उपनगरांत गेले, मागे राहिलेल्यांकडे कुणी पाहिलं नाही. बेलोनात तरी वेगळं काय आहे? तिथेही एका कृष्णवर्णीय पुरुषाबद्दल आणि एका गोऱ्या मुलीबद्दल अफवा आहे, वर्तमानपत्रात छापलेली छायाचित्रं आहेत, आणि नेमकं काय घडलं याच्या जितकी तोंडं तितक्या हकिकती आहेत.

मला सर्वांत जास्त लक्षात राहिलं ते रिचर्ड्स कुटुंब. शहर जळतंय आणि श्री. रिचर्ड्स रोज सकाळी ऑफिसला निघतात. ऑफिस उरलंय की नाही, हे कुणी विचारत नाही. सौ. रिचर्ड्स रिकाम्या होत चाललेल्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सामान हलवायला किडला मजुरीवर ठेवतात, कारण जागा बदलली की सगळं ठीक होईल. मजुरी मिळतच नाही. मग त्यांचा मुलगा लिफ्टच्या रिकाम्या खड्ड्यात पडून मरतो. सामान हलवण्याचं हे प्रकरण इतकं लांबतं की कंटाळा येतो, आणि तो कंटाळा हिशेबाने आणलेला आहे, असं माझं मत.

विज्ञानकथेच्या दुनियेत पुस्तकावरून भांडणं जुंपली. विज्ञानकथाकार हार्लन एलिसनने आपण ३६१ पानांनंतर हात टेकले, असं परीक्षणात जाहीर केलं. त्याच क्षेत्रातल्या फिलिप के. डिकने ते फेकून दिलं. उलट त्यांच्यातल्याच थिओडोर स्टर्जनने डोक्यावर घेतलं. हे चालू असताना आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत गेल्या आणि खप दहा लाखांवर पोचला. दहा लाख लोकांना वर्तुळाकार रचनेची गोडी होती, असं मला वाटत नाही. त्यांनी असे रस्ते पाहिले होते, अशी माणसं त्यांच्या ओळखीची होती. गंमत म्हणजे ज्या शब्दाचं शीर्षक झालं, तो कादंबरीत धड भेटतही नाही: किडला सापडलेल्या वहीत नावांची एक यादी आहे, तिच्यातलं ते एक आडनाव. विज्ञानकथाकार विल्यम गिब्सनने १९९६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत म्हटलं की हे कोडं सोडवण्यासाठी घातलेलंच नाही.

बेलोनाचं दैनिक रोज निघतं, पण त्यावरची तारीख मालकाच्या मर्जीची असते. आज या सालची, उद्या भलत्याच. सगळ्या पुस्तकात विश्वास ठेवावा अशी तारीख एकच, तीही कथा तुटल्यावर, शेवटच्या पानावर. सॅन फ्रान्सिस्कोपासून लंडनपर्यंत जिथे जिथे बसून लिहिलं त्या गावांची नावं, आणि खाली: जानेवारी १९६९ ते सप्टेंबर १९७३.