लस : घटक आणि शरीरातील कार्य

रोगकारक जंतूची, त्याच्या एखाद्या अंशाची किंवा त्याच्या विषाच्या निरुपद्रवी रूपाची शरीराला आधीच ओळख करून देणारे जैविक औषध म्हणजे लस. लस स्वतः जंतूंचा नाश करीत नाही, आणि नेमका हाच मुद्दा अनेकदा नजरेआड होतो. सर्पदंशावर दिले जाणारे प्रतिविष घोड्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून, म्हणजे जंतूला किंवा विषाला चिकटून त्याला निष्प्रभ करणाऱ्या प्रथिनांपासून, बनवतात. ते टोचताच काम सुरू करते आणि काही आठवड्यांत शरीरातून निघून जाते. लशीतून असे तयार प्रतिपिंड मिळत नाहीत. ती प्रतिकारसंस्थेला जंतूची खूण पटवते आणि प्रतिपिंड घडवण्याचे काम शरीरच करते. त्यामुळे तिचा परिणाम दिसायला वेळ लागतो, पण एकदा दिसला की तो दीर्घकाळ टिकतो.

जखमेतून किंवा फोडातून पाझरणाऱ्या चिकट द्रवालाही मराठीत लस म्हणतात, आणि सुरुवातीची लस अक्षरशः तीच होती. एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी इंग्लंडमध्ये, गाईंच्या देवीची लागण झालेल्या एका गवळणीच्या हातावरील फोडातला द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचला. पुढे त्याला मानवी देवीचा द्रव टोचूनही रोग झाला नाही. तोच द्रव बगदाद-बसरामार्गे मुंबईत पोहोचला आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचला गेला. भारतातील ही पहिली लसटोचणी. एका मुलाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात अशी साखळी त्या काळी चालवावी लागे, कारण द्रव टिकवून ठेवण्याचा भरवशाचा मार्ग नव्हता.

लशीच्या बाटलीत जंतूखेरीज आणखी काय असावे, हा प्रश्न किती गंभीर आहे हे मुंबईतच तयार झालेल्या प्लेगच्या लशीवरून कळते. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्या प्रयोगशाळेत मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून प्लेगचे जीवाणू वाढवले, ते उष्णतेने मारले, परिरक्षक, म्हणजे नंतर शिरलेल्या जंतूंना वाढू न देणारे द्रव्य, म्हणून कार्बॉलिक आम्ल घातले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे प्रयोगशाळेने कार्बॉलिक आम्ल वगळले. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला. जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरला गेला होता, ही बाब नंतर पुढे आली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. जिथे त्यांनी काम केले त्या परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचे नाव आहे.

लशीतील मुख्य घटकाला प्रतिजन म्हणतात. गोवर-रुबेला, बीसीजी (क्षयरोगाविरुद्धची लस) आणि तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लशीत जिवंत पण दुर्बल केलेले जंतू असतात. इंजेक्शनच्या पोलिओ लशीत व रेबीजच्या लशीत मारलेले विषाणू असतात. धनुर्वात आणि घटसर्प या रोगांत खरा घात जीवाणूचे विष करते, म्हणून ते विष फॉर्माल्डिहाइडने निकामी करून त्याचे टॉक्सॉइड वापरतात. ‘कावीळ ब’च्या लशीत विषाणू नसतोच, त्याच्या आवरणातील एक प्रथिन यीस्टकडून तयार करून घेतलेले असते आणि प्रौढाच्या मात्रेत ते जेमतेम २० मायक्रोग्रॅम भरते. कोविडच्या साथीत एमआरएनए लशी आल्या. त्यांत प्रथिनाऐवजी ते घडवण्याची सूचना मेदाच्या सूक्ष्म वेष्टनातून पेशीपर्यंत पोहोचवली जाते. पेशी ते प्रथिन बनवतात आणि सूचना थोड्याच काळात विघटित होते.

काही जीवाणूंभोवती शर्करेचे आवरण असते आणि दोन वर्षांखालील बालकाची प्रतिकारसंस्था नुसत्या शर्करेला नीट दाद देत नाही. ती शर्करा प्रथिनाला जोडली की मात्र देते. मेंदुज्वराच्या ‘अ’ गटातील जीवाणूविरुद्ध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या लशीत शर्करेला धनुर्वाताचे टॉक्सॉइड जोडलेले आहे. ती २०१० पासून आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर दिली गेली.

प्रतिजनाव्यतिरिक्तच्या घटकांविषयी पालकांच्या मनात शंका येतात. त्या रास्त आहेत आणि त्यांना सविस्तर उत्तर मिळायला हवे. बाळांना पाच रोगांविरुद्ध एकत्र दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लशीचा गढूळ पांढरेपणा अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारामुळे असतो. हे सहायक द्रव्य प्रतिजनाला धरून ठेवते आणि टोचलेल्या जागी सौम्य दाह निर्माण करून प्रतिकारसंस्थेचे लक्ष तिकडे वेधते. त्याचे प्रमाण एका मात्रेत दोन मिलिग्रॅमपर्यंतही जात नाही. गोवराची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि तिच्यातील विषाणू टिकावेत म्हणून सॉर्बिटॉल, जिलेटिन यांसारखी स्थिरके असतात. अनेक मात्रांच्या बाटलीत सुई पुन्हा पुन्हा शिरते, म्हणून तिच्यात थायोमर्सल हे पारायुक्त परिरक्षक घालतात. त्यातील पारा एथिल स्वरूपाचा असतो आणि तो माशांतून शरीरात साचणाऱ्या मिथिल स्वरूपाच्या पाऱ्यापेक्षा बराच लवकर बाहेर पडतो. जिवंत विषाणूच्या लशीत थायोमर्सल नसते. ते विषाणूलाच निकामी करील. फॉर्माल्डिहाइडचा अंशही काही लशींत उरतो, पण चयापचयातून आपल्या रक्तात कायम असणाऱ्या फॉर्माल्डिहाइडपेक्षा तो कमी असतो. ज्यांना जिलेटिन, निओमायसिन (एक प्रतिजैविक) किंवा अंड्यातील प्रथिनाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी मात्र तो घटक असलेली लस घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे.

सहा आठवड्यांच्या बाळाच्या मांडीत पेंटाव्हॅलंट टोचली की काही तासांत तिथे प्रतिकारपेशी गोळा होतात. मांडी दुखते, लालसर होते, त्या संध्याकाळी बाळ तापाने किरकिरते. हा त्याच हालचालीचा परिणाम होय. डेंड्रिटिक पेशी प्रतिजन गिळतात, त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडतात आणि लसीकावाहिन्यांतून (लिम्फ वाहून नेणाऱ्या नलिकांतून) जांघेतील लसीका ग्रंथींकडे जातात. तिथल्या असंख्य टी आणि बी या प्रतिकारपेशींपैकी प्रत्येकीचा ग्राहक, म्हणजे प्रतिजन ओळखून पकडणारा पृष्ठभागावरील रेणू, वेगळा असतो. त्या तुकड्याशी ज्यांचा ग्राहक जुळतो अशा मोजक्याच पेशी जाग्या होतात आणि झपाट्याने विभाजित होऊ लागतात. विभाजन होताना बी पेशींच्या ग्राहकांत लहान लहान बदल घडतात, आणि प्रतिजनाला अधिक घट्ट पकडणाऱ्या पेशीच पुढे टिकतात. ही निवड ग्रंथीत आठवडेच्या आठवडे चालते. तिच्यातून प्रतिपिंड तयार करणाऱ्या पेशी निघतात व त्यांतील काही अस्थिमज्जेत वर्षानुवर्षे राहतात. शिवाय स्मृतिपेशी तयार होतात, ज्या खरा जंतू आल्यावर काही दिवसांतच जोमाने कामाला लागतात.

पुढच्या मात्रेत किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवतात ते याच निवडीला वेळ मिळावा म्हणून. घाईने दिलेली मात्रा कमी उपयोगी ठरते. जिवंत लस शरीरात थोडीफार वाढते, म्हणून तिचे वेळापत्रक निराळे असते. गोवराच्या लशीचा ताप त्याच दिवशी येत नाही, साधारण सात ते बारा दिवसांनी येतो, आणि तोवर आईला टोचणीची आठवणही राहिलेली नसते. ही लस नवव्या महिन्याआधी सहसा देत नाहीत, कारण आईकडून आलेले प्रतिपिंड बाळाच्या रक्तात असतात आणि ते लशीतील विषाणूलाच निष्प्रभ करतात.

बीसीजीत तर हे सारे डोळ्यांना दिसते. जन्मानंतर डाव्या दंडाच्या त्वचेत ०.०५ मिलिलिटर लस देतात. दोन ते चार आठवड्यांनी तिथे पुटकुळी येते, ती मोठी होऊन फुटते, चिकट द्रव वाहतो, खपली धरते आणि शेवटी छोटा व्रण उरतो. घाबरून त्यावर हळद, मलम किंवा शेक देण्याची गरज नसते. जागा फक्त स्वच्छ व कोरडी ठेवावी.

बाटलीतील घटक कितीही चांगले असले तरी ते २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिले नाहीत तर वाया जातात. बाटलीवर एक वर्तुळ आणि त्यात एक चौकोन छापलेला असतो. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो, आणि तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की लस टाकून द्यायची असते. गोठण्याचा धोका तितकाच मोठा असूनही त्याची चर्चा कमी होते. अ‍ॅल्युमिनियम असलेली लस गोठली की क्षाराचे कण एकमेकांना चिकटतात आणि बाटली हलवून ठेवली तर ते भरभर तळाशी बसतात. अशी लस पुन्हा वितळवली तरी निरुपयोगीच राहते. पातळ केलेली गोवराची लस चार तासांत संपवावी लागते, कारण तिच्यात परिरक्षक नसते व शिरलेला जीवाणू वाढू शकतो.

समाजातील सुमारे ९५ टक्के लोक गोवराविरुद्ध संरक्षित असतील तर साथ पसरत नाही, आणि लस घेऊ न शकणारी तान्ही बाळेही बचावतात. धनुर्वाताला हा नियम लागू नाही. त्याचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात, तो माणसाकडून माणसाला होत नाही आणि होऊन बरा झालेल्या रुग्णालाही त्यापासून संरक्षण मिळत नाही, कारण प्राण घेणारी विषाची मात्रा प्रतिकारसंस्थेला जागे करण्याइतकी नसते. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्रपणे लस घ्यावी लागते. गर्भवतीला टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या लशीच्या) दोन मात्रा चार आठवड्यांच्या अंतराने देतात. तिच्या रक्तात तयार झालेले प्रतिपिंड वारेतून गर्भाकडे जातात आणि नाळ कापल्यानंतरच्या धोक्याच्या दिवसांत बाळाचे रक्षण करतात. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतात निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, पण मातीतले बीजाणू जिथल्या तिथेच आहेत, त्यामुळे गरोदरपणातील या मात्रा आजही द्याव्याच लागतात.