कादंबरीतला उठाव खरोखर पेटेल का?

जुलमी राजवट, भिंतीआड कोंडलेली माणसं आणि सोळा-सतरा वर्षांची नायिका. ती सगळ्यांदेखत हुकूम मोडते आणि बघता बघता देश पेटून उठतो. किशोरांच्या डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्य रंगवणाऱ्या, कादंबऱ्यांतलं हे कथानक अनेकांना भाबडं वाटतं. पण एका कृतीने गर्दी उसळणं हा त्यातला सर्वांत पटण्याजोगा भाग आहे.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये त्याचं गणित मांडलं. समजा, चौकात १०० माणसं आहेत. आपल्याआधी किती जण उतरले म्हणजे आपण उतरायचं, हा प्रत्येकाचा उंबरठा. पहिल्याचा ०, दुसऱ्याचा १, असं करत शेवटच्याचा ९९. शून्यवाला उठतो, त्याला पाहून एकवाला, मग दोनवाला आणि अखेर शंभरच्या शंभर. आता एकच बदल करा: एकवाल्याचा उंबरठा २ करा. शून्यवाला एकटा पडतो आणि पोलीस त्याला उचलून नेतात. दोन्ही चौकांतला संताप जवळपास सारखाच होता! नायिकेपाठोपाठ उठणारी पहिली दोन-चार माणसं म्हणूनच निर्णायक ठरतात, आणि लेखक नेमके त्यांनाच विसरतात.

पुढचा प्रश्न बंदुकीचा. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये सुमारे ७०,००० लोक रस्त्यावर आले. पोलीस आणि सैनिक सज्ज होते, सोबत कारखान्यांतल्या कामगारांच्या सशस्त्र तुकड्याही होत्या. इस्पितळांत रक्ताचा जादा साठा ठेवला होता. शहरातल्या वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट माझूर यांच्या आवाजातलं शांततेचं आवाहन ध्वनिक्षेपकांवरून ऐकवलं गेलं. गर्दी अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठी, बर्लिनहून स्पष्ट आदेश नाही. स्थानिक अधिकाऱ्यांनी माघार घेतली. बरोबर महिन्याने बर्लिनची भिंत उघडली.

त्याच वर्षी बीजिंगमध्ये उलट घडलं. चिनी लष्कराच्या ३८ व्या सैन्याचे सेनापती शू चिनश्यान यांनी लोकशाहीवादी निदर्शकांवर सैन्य नेण्यास नकार दिला. त्यांना हटवलं गेलं, बाहेरून तुकड्या आणल्या गेल्या आणि जूनमध्ये गोळ्या चालल्या. एक सेनापती फुटून भागत नाही, साखळीच्या पुष्कळ कड्या एकदम निखळाव्या लागतात. ‘हंगर गेम्स’ या अशाच कादंबरीमालेत राजवटीचे शिपाई बरेचसे जिल्हा २ मधून येतात आणि इतर जिल्ह्यांवर पहारा देतात. हा तपशील अगदी अचूक आहे, कारण परक्या गावच्या शिपायाला गर्दीत आपला भाऊ दिसत नाही.

या कादंबऱ्यांत खटकतं ते शस्त्रांवरचं अवलंबन. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या संशोधकांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ लढ्यांच्या मोहिमा तपासल्या: अहिंसक मोहिमांपैकी सुमारे ५३ टक्के यशस्वी ठरल्या, सशस्त्र मोहिमांपैकी २६ टक्के. मुख्य कारण सहभागाचं. ‘हंगर गेम्स’च्या नायिकेसारखे धनुष्यबाण पेलणारे मोजकेच असतात. संपावर मात्र म्हातारी माणसं, कारकून, रेल्वेचालक, वीजकेंद्रातले कामगार असे सगळेच जाऊ शकतात, आणि त्यांतल्या कित्येकांची मुलं पलीकडे गणवेशात उभी असतात.