हरताळ, सोमल आणि गंधकाची ओढ

एखाद्याने नियमाला हरताळ फासला, असे आपण सहज म्हणून जातो. पण हा हरताळ म्हणजे बाजारपेठ बंद ठेवण्याचा हरताळ नव्हे. हे एका पिवळ्याधमक खनिजाचे नाव आहे. पोथी लिहिताना अक्षर चुकले, की लेखनिक त्यावर या खनिजाचा लेप देत आणि लेप वाळल्यावर नवे अक्षर लिहीत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. आर्सेनिकला गंधकाची विलक्षण ओढ आहे, आणि विषप्रयोगांचे खटले, एका सम्राटाचे केस व रक्ताच्या कर्करोगावरचे औषध अशा वरवर दूरच्या वाटणाऱ्या गोष्टींच्या मुळाशी हीच ओढ आढळते.

हरताळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आर्सेनिकचे ऑक्साइड, म्हणजे सोमल, मात्र त्याहून कितीतरी घातक असते. ही पांढरी भुकटी दिसायला पिठासारखी असते, तिला वास नसतो आणि चवही जवळजवळ नसतेच. पोटात गेल्यावर उलट्या आणि जुलाब सुरू होतात. म्हणजे लक्षणे थेट पटकीसारखी. पटकीची साथ वरचेवर येत असे त्या काळात अशा मृत्यूकडे कोणी संशयाने पाहत नसे. फ्रान्समध्ये तर सोमलाला ‘वारसाहक्काची भुकटी’ असेच नाव पडले होते. शरीरात शिरलेले आर्सेनिक करते काय, तर पेशींना ऊर्जा मिळवून देणाऱ्या विकरांमधील गंधकाला घट्ट चिकटते. तो गंधक अडकून पडला, की ती विकरे निकामी होतात आणि अन्नापासून ऊर्जा काढण्याचे पेशींचे काम थंडावते.

१८३० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जॉन बॉडल नावाच्या तरुणावर आजोबांच्या कॉफीत सोमल घातल्याचा आरोप झाला. वूलिच येथील शाही शस्त्रागारात काम करणारे रसायनतज्ज्ञ जेम्स मार्श यांच्याकडे तपासणीचे काम आले. त्यांनी संशयित द्रवातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला आणि पिवळा साका मिळवला. हा साका म्हणजे दुसरे काही नसून प्रयोगशाळेत तयार झालेला हरताळच होता. परंतु ज्यूरीसमोर येईपर्यंत तो टिकला नाही, पुरावा डोळ्यांना दिसेनासा झाला आणि बॉडल सुटला. पुढे त्याने गुन्ह्याची कबुली दिली.

हे अपयश मार्श यांना सलत राहिले असावे, कारण १८३६ मध्ये त्यांनी जी पद्धत जाहीर केली, तिचे सगळे बळ टिकाऊ पुरावा निर्माण करण्यावर होते. काचेच्या वाकड्या नळीत जस्ताचा तुकडा ठेवायचा, त्यावर आम्ल ओतायचे आणि त्यातच संशयित पदार्थ मिसळायचा. जस्त आणि आम्ल यांच्या संयोगातून हायड्रोजन निघू लागतो. नमुन्यात आर्सेनिक असेल, तर ते त्या हायड्रोजनला धरून आर्सीन वायूच्या रूपाने बाहेर पडते. नळीच्या टोकाशी हा वायू पेटवायचा आणि ज्योतीवर चिनी मातीची थंड बशी धरायची. क्षणभरात बशीवर काळसर, आरशासारखा चकाकणारा डाग उमटतो. एका मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग इतके थोडे आर्सेनिकही या पद्धतीत लपत नसे. तसा डाग अँटिमनीचाही पडू शकतो. पण सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात आर्सेनिकचा डाग विरघळतो आणि अँटिमनीचा तसाच राहतो.

या पद्धतीची खरी कसोटी १८४० मध्ये फ्रान्समधील तूल येथे लागली. मारी लाफार्ज या तरुणीवर पतीला सोमल देऊन मारल्याचा आरोप होता आणि तिने उंदरांसाठी म्हणून सोमल विकत घेतल्याचे उघड झाले होते. खाद्यपदार्थांत विष सापडले, पण मृतदेहात ते स्थानिक तज्ज्ञांना सापडेना. अखेर पॅरिसहून विषशास्त्राचे आद्य अभ्यासक मॅथ्यू ऑर्फिला यांना बोलावण्यात आले. त्यांना मृतदेहात आर्सेनिक मिळाले, आणि ते आपण वापरलेल्या रसायनांतून आलेले नाही किंवा शवपेटीभोवतीच्या मातीतूनही आलेले नाही, हे त्यांनी न्यायालयासमोर मांडले. मारीला जन्मठेप झाली. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते ती ऑर्फिला यांची ही दक्षता. जस्तात आणि आम्लात मुळातच आर्सेनिकचा अंश असू शकतो. तेव्हा इतकी संवेदनशील चाचणी बेफिकीर हातांत पडली, तर निरपराध माणूसही दोषी ठरू शकतो.

आर्सेनिकचा उपयोग केवळ खुनासाठी होत होता, असे मात्र नाही. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील यांनी १७७५ मध्ये तांबे आणि आर्सेनिक यांपासून सुंदर हिरवा रंग बनवला, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातील घराघरांत तो भिंतीवरच्या कागदांवर, कपड्यांवर आणि कागदी फुलांवर दिसू लागला. सेंट हेलेना बेटावर १८२१ मध्ये वारलेल्या नेपोलियनच्या निवासातील भित्तिकागदाच्या तुकड्यातही आर्सेनिक आढळले आहे. त्याहून मोठी खळबळ उडवली ती त्याच्या केसांनी.

केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात आणि केराटिनमध्ये गंधक भरपूर असतो. त्यामुळे रक्तातले आर्सेनिक केसाच्या मुळाशी गंधकाला बिलगते आणि वाढणाऱ्या केसाबरोबर पुढे सरकते. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे सहा सेंटिमीटरचा केस सुमारे सहा महिन्यांची रोजनिशीच असतो. नेपोलियनच्या केसांत आर्सेनिकचे प्रमाण फार असल्याचे १९६१ मध्ये जाहीर झाले आणि त्याच्यावर विषप्रयोग झाल्याच्या तर्काला बळ मिळाले. मात्र २००८ मध्ये इटलीतील भौतिकशास्त्रज्ञांनी त्याच्या बालपणापासून मृत्यूपर्यंतचे केस तपासले, आणि सोबत त्याची पत्नी जोसेफिन व मुलगा यांचेही. सर्वांतच आर्सेनिक आजच्या माणसांच्या मानाने सुमारे शंभरपट होते. त्या काळातील माणसे या मूलद्रव्याच्या सान्निध्यातच जगत होती, असा त्याचा सरळ अर्थ. शवविच्छेदनात नोंदवलेला पोटाचा विकार हेच मृत्यूचे अधिक पटणारे कारण आहे.

गंधकाची हीच ओढ उताऱ्याच्याही कामी आली. दुसऱ्या महायुद्धात ल्यूइसाइट या आर्सेनिकयुक्त युद्धवायूची भीती होती, तेव्हा ऑक्सफर्डमधील रुडॉल्फ पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारी शेजारी दोन गंधक अणू असलेला एक रेणू तयार केला. आर्सेनिक पेशीतले विकर सोडून या रेणूला धरते आणि लघवीवाटे शरीराबाहेर पडते.

सोमलाने माणसे वाचतात, हे वाक्य ऑर्फिला यांना विचित्र वाटले असते. चीनमधील हार्बिन येथील डॉक्टरांनी १९७० च्या दशकात आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे सोमलच, शिरेतून देऊन रक्ताच्या कर्करोगावर उपचार करून पाहिले. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या प्रकारात पेशींमध्ये एक विकृत जोडप्रथिन तयार होते आणि ते त्यांची वाढ अर्धवट अवस्थेत रोखून धरते. आर्सेनिक त्या प्रथिनातील गंधकाला जाऊन चिकटते, आणि असे चिकटलेले प्रथिन पेशी स्वतःच मोडीत काढते. पूर्वी या आजाराचे अनेक रुग्ण रक्तस्राव होऊन काही दिवसांतच दगावत. आज अ जीवनसत्त्वापासून बनलेल्या एका औषधाच्या जोडीने हेच सोमल, हृदयाच्या आलेखावर सतत लक्ष ठेवून, मोजक्या मात्रेत दिले जाते आणि बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होऊन घरी जातात.