सात पानांची फांदी जंगलीच असते का?

‘गुलाबाच्या फांदीला पाच पानं असतील तर ती कलमाची, सात असतील तर जंगली, लगेच छाटा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यापायी चांगल्या फांद्या नाहक कापल्या जातात. मुळात ती सुटी पानं नव्हेत, एकाच संयुक्त पानाच्या पर्णिका, म्हणजे त्या पानाचे छोटे भाग आहेत. एकाच झाडावर फुलाजवळ 3, त्याखाली 5 आणि जोमदार नव्या फांदीवर 7 पर्णिका सहज दिसतात. रुगोसा गुलाबाला तर 9 पर्यंत असतात.

पानं मोजू नका, फांदी कुठून निघाली ते बघा. बुंध्याजवळची माती हळूच बाजूला केली की डोळा भरलेल्या जागी, म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर (मुळं असलेल्या बुडावर) हव्या त्या गुलाबाचा डोळा (अंकुर) बसवून कलम केलेलं असतं तिथे, जाडसर गाठ दिसते. गाठीतून किंवा तिच्या वरून तांबूस, रसरशीत कोंब फुटला असेल तर कृपा करून त्याला हात लावू नका. पुढची भरघोस फुलं त्यावरच यायची आहेत. गाठीखालून, खुंटातून किंवा मुळातून आलेली फांदी मात्र काढायलाच हवी, ती कलमाचं अन्नपाणी ओढते. तीही वरवर कापली तर बुडातले डोळे पुन्हा फुटतात. माती उकरून, जिथून फुटली तिथूनच ओढून काढा.

फांदी लावून वाढवलेल्या गुलाबाला खुंटच नसतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.